मापे बदलली, हिशेब कोणी करायचा?

सकाळच्या पाळीला बिरवाडीहून किंवा पोलादपूरच्या बाजूच्या एखाद्या गावाहून महाडच्या औद्योगिक वसाहतीत येणारा फिटर दिवसभरात किती प्रकारच्या मापांशी व्यवहार करतो, याची मोजदाद कधी कोणी केली असेल असे वाटत नाही. भांडारातून तो 'दोन इंची' पाइप मागून घेतो. तो पाइप ज्या नकाशाप्रमाणे बसवायचा तो मात्र मिलिमीटरमध्ये काढलेला असतो. बोल्टचे माप तो सुतांत सांगतो. रिअॅक्टरची क्षमता लिटरमध्ये असते, शीतकरण यंत्राची टनांत असते आणि दाबमापकाच्या तबकडीवर एका वर्तुळात किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, तर दुसऱ्या वर्तुळात पौंड प्रति चौरस इंच असे दोन हिशेब एकाच काट्याखाली नांदत असतात. संध्याकाळी घरी परतताना त्याला घरदुरुस्तीसाठी वाळूचा भाव विचारायचा असतो. तो ब्रासवर सांगितला जातो. घरी मुलीच्या लग्नासाठी सोन्याचा विचार चाललेला असतो, तो तोळ्यांत. आणि वडिलोपार्जित भातखाचराचा सात-बारा काढून पाहावा, तर त्यावर हेक्टर आणि आर. घरातल्या बोलण्यात मात्र गुंठेच.

भारतात मेट्रिक मापे सर्वत्र सक्तीची झाली ती १ एप्रिल १९६२ रोजी. त्याच वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. म्हणजे महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहती या जन्मापासूनच मेट्रिक युगातील होत. असे असता सहा दशकांनंतरही त्या वसाहतींत काम करणाऱ्याला दिवसातून दहा वेळा मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करावे लागतात, ही गोष्ट केवळ गमतीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मापांचे रूपांतर हा गणिताचा प्रश्न समजला जातो. तो तेवढाच असता तर त्यावर लिहिण्यासारखे काही उरले नसते. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर होतात, एका पौंडाचे सुमारे ४५४ ग्रॅम होतात आणि याविषयी कोणाचाही मतभेद नाही. खरा प्रश्न हा आहे की, हा गुणाकार कोणी करायचा. आणि तो चुकला तर त्याची किंमत कोणी मोजायची. आज आपल्याकडे जो दुबळा आहे, ज्याच्या हाती कागद नाही आणि ज्याला सवडही नाही, त्याच्यावर हा भार येऊन पडला आहे. जो माप ठरवतो तो आपल्या सोयीच्या मापात बोलतो. ज्याला ते माप सोसायचे असते त्याने ते आपल्या भाषेत उतरवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांपुरते पाहिले तरी या अपेक्षेतील अन्याय आणि धोका दोन्ही दिसून येतात.

राज्याने पत्करलेली जबाबदारी

नेहमीच असे होते असे नाही. महाड तालुक्यातच असलेल्या रायगडावरून जो राज्यकारभार चालला, त्यात जमिनीच्या मोजणीसाठी एक काठी ठरवून दिली गेली होती. पाच हात आणि पाच मुठी लांबीची एक काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, असे ते कोष्टक होते. त्या काठीच्या लांबीपेक्षा तिच्यामागचा विचार महत्त्वाचा होता. सारा रयतेने भरायचा. तेव्हा ज्या मापाने सारा ठरतो ते माप रयतेला हातांनी आणि मुठींनी पडताळून पाहता आले पाहिजे, ही त्यातली जाण होती.

स्वतंत्र भारताने १९५० च्या दशकात हे काम हाती घेतले, तेव्हा देशातील मापांची स्थिती विलक्षण गोंधळाची होती. मण हा शब्द सर्वत्र होता. परंतु मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेचा मण सव्वाब्याऐंशी पौंडांचा. कोकणात भात ज्या पायलीने मोजले जाई, ती पायली गावागणिक लहानमोठी होई. पायली कोणाची वापरायची, हे बहुधा विकत घेणारा सावकारच ठरवी. फणींद्रनाथ सेठ यांच्या इंडियन डेसिमल सोसायटीसारख्या संस्थांनी स्वातंत्र्यापूर्वीपासून दशमान पद्धतीचा पुरस्कार केला होता. पुढे १९५५ मध्ये नाण्यांचा कायदा दुरुस्त झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५६ च्या डिसेंबरात वजनमापांचा कायदा संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला.

त्या संक्रमणाकडे आज पुन्हा पाहण्यासारखे आहे ते अशासाठी की, रूपांतर हे आपले काम आहे हे शासनाने तेव्हा मान्य केले होते. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात; परंतु सव्वासहाचे नाणे नव्हते. तेव्हा एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस नवे पैसे, असे कोष्टक शासनानेच ठरवून दिले. त्यात कोणाचा पाव पैसा गेला, कोणाचा आला. पण कोणी किती द्यायचे याचा वाद दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात उरला नाही. वजनांच्या बाबतीतही जुनी व नवी मापे काही काळ शेजारी शेजारी नांदू दिली गेली, रूपांतराची कोष्टके छापली गेली आणि नंतरच जुन्यावर बंदी आली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ केलेल्या पिढीला हा बदल सोपा नव्हता. सोळा आण्यांच्या आणि चाळीस शेरांच्या जगात बाजारात फसवणूक होऊ नये म्हणूनच ते पाढे घोकून घेतले जात. ते ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी होणार होते. आणि तरीही बदल पार पडला, याचे कारण हिशेब करून देणारे कोणीतरी होते.

पुढे मात्र कायदा झाला, बाजारातील वजने बदलली, म्हणजे काम संपले, असे समजले गेले. बाजारात किलोग्रॅम आणि लिटर रुजले हे खरे. पण भाजी मंडईच्या बाहेर, कारखान्यात, बांधकामावर, तलाठ्याच्या दप्तरात आणि नदीच्या काठावर ते काम अर्धेच राहिले. १९७६ चा वजनमापांचा कायदा आणि त्याची जागा घेणारा २००९ चा वैध मापन कायदा यांनी प्रमाण मापे अधिक काटेकोर केली. परंतु जुन्यातून नव्यात जाण्याची जी वाट सामान्य माणसाला हवी होती, तिची डागडुजी त्यानंतर कोणी केली नाही.

नाव जुने, वस्तू नवी

अर्धवट राहिलेल्या बदलाचा पहिला परिणाम असा होतो की जुने नाव राहते आणि त्याखालची वस्तू बदलते. तोळा हे याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे धरूनच भाव सांगितला जातो. त्यात लबाडी आहे असे नाही. दोन्ही पक्षांना ते ठाऊक असते. पण आजीच्या दहा तोळ्यांच्या पाटल्यांचा हिशेब करताना नातवाने शंभर ग्रॅम धरले, तर साडेसोळा ग्रॅमहून अधिक सोने घरातल्या घरात हिशेबातून नाहीसे होते.

बांधकामावरील सळईचे असेच आहे. मिस्त्रीच्या बोलीत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती सळई म्हणजे अर्ध्या इंचाची, अर्थात १२.७ मिलिमीटरची. बाजारात मात्र आज १२ मिलिमीटरची सळई मिळते आणि तिलाच चार सुती म्हणतात. फरक सात दशांश मिलिमीटरचा. परंतु सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि तेथे हा फरक सुमारे अकरा टक्क्यांचा होतो. उलट तीन सुती म्हणून जी सळई येते ती १० मिलिमीटरची, म्हणजे जुन्या मापापेक्षा किंचित जाड. अभियंत्याने नकाशा मिलिमीटरमध्ये दिला आणि मिस्त्रीने तो मिलिमीटरमध्येच वाचला, तर काहीच बिघडत नाही. पण जुन्या घराचा एक मजला वाढवताना मिस्त्री जेव्हा आपल्या आठवणीतील सुतांच्या ठोकताळ्याने सळया घालतो, तेव्हा तो जेवढे लोखंड घातले असे समजतो तेवढे ते नसते.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुने नाव राहिले म्हणून प्रत्येक ठिकाणी अनर्थ होतो असे नाही. दोन इंची पाइप हे आता माप उरलेले नाही. ते एक नाव आहे. त्या पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर भरतो आणि आतील व्यास जाडीप्रमाणे बदलतो. मोजायला गेले तर दोन इंच कोठेच नेमके सापडत नाहीत. भांडारपाल, फिटर आणि अभियंता या तिघांनाही ते नाव एकाच वस्तूचे म्हणून माहीत आहे, तोवर त्याने कोणाचे नुकसान होत नाही. जिभेवर रुळलेले शब्द फौजदारी गुन्हा असल्यासारखे हुसकून लावण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. पण नाव आणि माप यांतील भेद ज्या ठिकाणी जिवावर बेतू शकतो, त्या ठिकाणी ही उदारता परवडणारी नाही. रासायनिक कारखान्यांची वसाहत हे तसे ठिकाण आहे.

काट्याखालची दोन वर्तुळे

टोल्युइन हे रासायनिक कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे द्रावक आहे. त्याची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते ते तापमान सुमारे ४ अंश सेल्सिअस. फॅरनहाइटमध्ये हेच ४० अंश होतात. परदेशी उत्पादकाच्या माहितीपत्रकात फॅरनहाइटचा आकडा असेल आणि पिंपाजवळ काम करणाऱ्याने तो सेल्सिअस समजून वाचला, तर काय होईल? महाडमध्ये पावसाळ्यातही तापमान चाळीसच्या खालीच असते, तेव्हा धोका नाही, असा निष्कर्ष तो काढील. वस्तुस्थिती अशी आहे की, महाडच्या हवेत वर्षाचे बाराही महिने हे द्रावक पेट घेण्याच्या अवस्थेत असते. आकडा तोच, कागद खरा, वाचणाराही साक्षर. केवळ एका अक्षराच्या फरकाने अर्थ उलटा झाला.

दाबाचेही तसेच. एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे १४.२ पौंड प्रति चौरस इंच. या दोहोंत चौदा पटींचे अंतर असल्याने घोटाळा झाला तर तो सहसा लगेच ध्यानात येतो. पण बार आणि किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर यांत फरक दोनच टक्क्यांचा. तेव्हा 'सगळे सारखेच' अशी सवय कामगाराच्या हाताला लागते आणि तीच सवय तो दुसऱ्या वर्तुळाच्या बाबतीतही वापरू लागतो. गॅलन इंग्लंडचा असेल तर साडेचार लिटरांहून थोडा अधिक, अमेरिकेचा असेल तर पावणेचार लिटर. टन मेट्रिक असेल तर १,००० किलोग्रॅम, इंग्रजी असेल तर १,०१६, अमेरिकी असेल तर ९०७. आणि शीतकरण यंत्राचा टन असेल तर तो वजनाचा नव्हेच, तो उष्णता काढून घेण्याच्या वेगाचा. बोल्टची गोष्ट तर आणखी फसवी. अर्ध्या इंचाचा जुना बोल्ट आणि १२ मिलिमीटरचा नवा बोल्ट डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात. एकाचे आटे इंचाला बारा या हिशेबाने कापलेले, दुसऱ्याचे दर पावणेदोन मिलिमीटरला एक. एकावर दुसऱ्याचा नट चढवू पाहिला तर दोन-तीन आटे बसल्यासारखे वाटतात. पकड मात्र खरी नसते. दाबाखाली चालणाऱ्या यंत्रात अशी खोटी पकड काय करू शकते, हे सांगायला नको.

या गोष्टी अशिक्षितांच्याच हातून होतात, असा समज असेल तर तो दूर करण्यास दोन परदेशी उदाहरणे पुरेशी आहेत. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि ही नवी विमाने किलोग्रॅमवर चालणारी होती. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडल्यामुळे टाकीतील इंधन मोजपट्टीने मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी ०.८ च्या आसपासच्या आकड्याने गुणावयाचे असते. प्रत्यक्षात गुणाकार झाला तो १.७७ ने. हा आकडा किलोग्रॅमचा नसून पौंडांचा होता. परिणामी विमानात हवे त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले आणि आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांचे कौशल्य आणि गिमली येथील एक जुनी धावपट्टी यांमुळे विमानातील ६९ जणांचे प्राण वाचले.

या घटनेत सर्वांत बोलकी गोष्ट चौकशीत पुढे आली. पूर्वीच्या विमानांत इंधनाचा हिशेब करण्यासाठी तिसरा अधिकारी असे. नव्या विमानात दोघेच होते; आणि तिसऱ्याचे ते काम आता कोणाचे, हे नीट ठरलेलेच नव्हते. त्या दिवशी गुणाकार अनेकांनी केला आणि पडताळलाही. पण तो निस्तरण्याची जबाबदारी मात्र नेमकी कोणावरच नव्हती. दुसरे उदाहरण २३ सप्टेंबर १९९९ चे. मंगळाभोवती फिरण्यासाठी नासाने पाठवलेले यान ग्रहाजवळ पोहोचताच नष्ट झाले. कंत्राटदार कंपनीची संगणक प्रणाली ढकलणीचे आकडे पौंडांच्या हिशेबाने देत होती आणि नासाची प्रणाली ते न्यूटनच्या हिशेबाने घेत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. तेथे गुणाकार चुकला नाही. तो करायचा आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नाही. जगातील निष्णात तंत्रज्ञांच्या हातून हे घडते, तेव्हा रात्रपाळीच्या अखेरच्या तासाला एका कंत्राटी कामगाराने दोन वर्तुळांपैकी योग्य वर्तुळ बिनचूक वाचावे, यावर कारखान्याची सुरक्षितता सोपवणे याला व्यवस्थापन म्हणता येणार नाही.

गुंठा आणि आर

जिवाच्या खालोखाल प्रश्न येतो तो हक्काचा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फूट जमीन. चाळीस गुंठ्यांचा एकर. मेट्रिकमध्ये गुंठा १०१.१७ चौरस मीटर भरतो आणि आर हा बरोबर १०० चौरस मीटरांचा. ही दोन मापे इतकी जवळजवळ आहेत की गावोगाव आर म्हणजेच गुंठा असे बोलले जाते. जवळपणा हाच येथे घात करतो. चाळीस गुंठ्यांच्या धन्याने आपली जमीन चाळीस आर समजून सौदा केला, तर तो एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर जमीन सोडून देतो. ती जवळजवळ अर्धा गुंठा होते. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील मोठ्या खातेदाराला हा फरक फारसा जाणवणार नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर, जेथे एकेक खाचर दोन-चार गुंठ्यांचे आणि एकेका सात-बाऱ्यावर भावकीची दहा-दहा नावे, तेथे अर्धा गुंठा म्हणजे एखाद्याचा सगळाच हिस्सा असू शकतो.

जमीन संपादनाच्या वेळी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अधिसूचना हेक्टर-आरमध्ये निघते, भूखंड चौरस मीटरमध्ये पाडले जातात, बाजारभाव गुंठ्यावर बोलला जातो आणि पुढे त्याच जमिनीवर इमारत उभी राहिली की सदनिकेचा भाव चौरस फुटावर येतो. एकाच जमिनीच्या चार भाषा झाल्या. त्या चारही येणारे लोक व्यवहाराच्या एका बाजूला असतात आणि एकच येणारा शेतकरी दुसऱ्या बाजूला. नोटिशीच्या कागदावर हेक्टर-आरच्या शेजारी गुंठ्यांचा आकडा छापण्यास शासनाला शाईच्या एका थेंबाहून अधिक खर्च येणार नाही. तो छापला न गेल्यामुळे शेतकऱ्याला मात्र एखाद्या मध्यस्थाच्या दारात जाऊन बसावे लागते.

पाण्याच्या बाबतीत तर हक्क आणि जीव दोन्ही एकत्र येतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. ज्या सावित्रीला तो पूर आला, तिच्या उगमापाशी महाबळेश्वरला त्या सुमारास चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. हा आकडा ऐकून पोलादपूरच्या किंवा महाडच्या किती घरांत धसका बसला असता? ज्यांना नदीचे पाणी घराच्या पायरीवरून आणि ओटीवरून मोजण्याची सवय आहे, त्यांना ५९४ मिलिमीटर म्हणजे माथ्यावरच्या प्रत्येक खाचरात जवळजवळ दोन फूट पाणी, असे सांगितले तर ते उमजते. मेट्रिक पद्धतीचा खरा गुणही येथेच दिसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. दुसरे कोणतेही कोष्टक नको. या हिशेबाने एका गुंठ्यावर त्या दिवशी साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी सहा टँकर पाणी कोसळले. इंचांच्या आणि गॅलनांच्या भाषेत हा हिशेब तोंडी करता येत नाही. तेव्हा मेट्रिक पद्धत परकी म्हणून लोकांपासून दूर राहिलेली नाही. तिची सोय लोकांना कोणी उलगडून दाखवली नाही, म्हणून ती दूर राहिली.

शासनाचे स्वतःचे माप

या साऱ्यात शासनाचे वर्तन आदर्श आहे असे म्हणता येत नाही. २००९ च्या वैध मापन कायद्याच्या ११ व्या कलमानुसार प्रमाण मापांखेरीज अन्य मापात भाव सांगणे किंवा जाहीर करणे निषिद्ध आहे. हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. असे असता राज्य शासनाने २०२३ मध्ये जे वाळू धोरण जाहीर केले, त्यात वाळूचा भाव ठळकपणे सांगितला गेला तो ब्रासला ६०० रुपये असा. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. धरणांचे साठे अब्ज घनफुटांत आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगण्याची रीतही अजून सुटलेली नाही. त्याच धरणांचे शासकीय तक्ते दशलक्ष घनमीटरमध्येही असतात. किराणा दुकानदाराच्या तराजूवर खूण नसेल तर निरीक्षक त्याला दंड करतो. मंत्रालयाच्या तराजूवर खूण आहे की नाही हे पाहणारा निरीक्षक अद्याप नेमला गेलेला नाही.

यावर असे म्हटले जाईल की, लोकांना ब्रासच समजतो, म्हणून शासन ब्रासमध्ये बोलते. हे म्हणणे निराधार नाही. परंतु मग हाच न्याय सात-बाऱ्याला का लावला जात नाही? लोकांना गुंठाही समजतोच. खरे असे दिसते की, जेथे शासनाला विकायचे किंवा श्रेय घ्यायचे असते तेथे ते लोकांच्या मापात बोलते आणि जेथे लोकांना आपला हक्क पडताळून पाहायचा असतो तेथे ते कायद्याच्या मापात बोलते. ही विसंगती हेतुपूर्वक नसेलही. पण तिचा परिणाम हेतुपूर्वक केल्यासारखाच होतो.

कारखानदारांचेही एक म्हणणे आहे आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. काही यंत्रे अमेरिकी बनावटीची असतात, काही गिऱ्हाइके परदेशी असतात, जोडण्यांची आणि फ्लँजची प्रमाणके इंचांतच रूढ आहेत. एका रात्रीत सारे बदलणे शक्य नाही. ते शक्य नाहीच आणि त्याची गरजही नाही. यंत्रावर काय लिहिलेले आहे, यापेक्षा यंत्र चालवणाऱ्याला काय वाचावे लागते, हा प्रश्न आहे. परदेशी माहितीपत्रकाचे रूपांतर अभियंत्याने आपल्या टेबलावर, दिवसाउजेडी, एकदाच करावे आणि त्यावर सही करावी. ते रोज, प्रत्येक पाळीत, प्रत्येक कामगाराने उभ्या उभ्या करायचे काम नव्हे.

तेव्हा करायचे काय, याचे उत्तर दोन नियमांत सांगता येते. जेथे जीव गुंतलेला आहे तेथे एकच माप असावे. एका कारखान्यात दाबाचे एकच माप, तापमानाचे एकच माप. दाबमापकावर दुसरे वर्तुळ असेलच तर ते झाकलेले आणि मर्यादेची लाल खूण एकाच वर्तुळावर. कामाच्या सूचना मराठीत आणि त्याच मापात. इंची आणि मेट्रिक आट्यांचे बोल्ट वेगवेगळ्या कप्प्यांत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आपल्या तपासणीत याची स्वतंत्र नोंद घ्यावी. वसाहतीतील लहान कारखान्यांना हे आपापले जमणार नसेल, तर उद्योजकांच्या संघटनेने सर्वांसाठी एकच तक्ता तयार करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिलिमीटर शिकून बाहेर पडलेला मुलगा कारखान्यात पाय ठेवताच सुतांची भाषा शिकतो. त्याला दोन्ही शिकवावे, परंतु कागदावर कोणती चालेल हेही शिकवावे.

दुसरा नियम असा की, जेथे हक्क गुंतलेला आहे तेथे दोन्ही मापे शेजारी शेजारी असावीत. कायद्याचे आधी, लोकांचे त्याच्या लगत. सात-बाऱ्यावर आणि संपादनाच्या प्रत्येक नोटिशीवर हेक्टर-आरच्या जोडीला गुंठे; वाळूच्या भावात घनमीटरच्या जोडीला ब्रास; आणि पावसाच्या इशाऱ्यात मिलिमीटरच्या जोडीला, त्या पावसाचे पाणी गावात कोठवर चढू शकेल याची लोकांना कळणारी खूण. महाड शहरात पुराच्या पातळीचे खांब मीटर आणि फूट अशा दोन्ही मापांत रंगवून बाजारपेठेत उभे केले, तर शाळेत जाणारे मूल आणि त्याचा आजोबा एकाच खांबाकडे पाहून एकच अर्थ काढतील. अशा पंधरा-वीस वर्षांत फुटाचा आकडा आपोआप अनावश्यक होईल. १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत जे केले गेले त्याहून हे काही वेगळे नाही.

या दोन्ही नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: ज्याच्या हाती माप ठरवण्याचा अधिकार आहे, रूपांतर करून देण्याचे ओझेही त्याचेच. कारखान्यात ते मालकाचे, व्यवहारात विकणाऱ्याचे आणि जमीन-पाण्याच्या बाबतीत राज्याचे. माप बदलण्याचा हक्क राज्याला आहे, याविषयी १९५६ पासून कोणी शंका घेतलेली नाही. पण तो हक्क बजावून झाल्यावर हिशेबाची पाटी रयतेच्या हाती देऊन मोकळे होण्याचा हक्क त्याला कोणी दिलेला नाही. रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या या दोन तालुक्यांत तरी ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये.